कंगव्यामागचा माणूस

तृतीय वर्ष, कला

आमच्या ग्रंथालयात खिडकीकडच्या शेवटच्या कपाटात खेळांविषयीची जुनी पुस्तके आहेत. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. मीही फिरकले नसते. पण गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सायकल शर्यतीचा सराव करताना घाटाच्या उतारावर मी पडले, उजवा गुडघा दुखावला, आणि दुपारी सरावाला जाण्याऐवजी ग्रंथालयात बसून राहणे नशिबी आले. अशाच एका रिकाम्या दुपारी एक जाडजूड परदेशी पुस्तक चाळताना मला एक छायाचित्र दिसले. शर्यतीच्या पोशाखातला एक देखणा तरुण सायकलीवर बसल्या बसल्या शांतपणे केस विंचरतो आहे. चेहऱ्यावर थकवा नाही, कपाळावर आठी नाही. जणू स्वारी लग्नाच्या वरातीला निघाली आहे!

मला प्रथम हसू आले. शर्यतीनंतर आरशात डोकावले म्हणून मैत्रिणींनी मला कितीदा तरी चिडवले आहे. मग चित्राखालचे नाव वाचले. ह्यूगो कोब्लेट, स्वित्झर्लंड. त्या नावाचा माग काढत गेले आणि पुढचे काही महिने हा माणूस माझ्या डोक्यातून हलला नाही. त्याची हकीकत आज आपल्यापुढे मांडते आहे. ती मांडण्यामागे माझा थोडा स्वार्थही आहे; तो शेवटी सांगेन.

कोब्लेटचा जन्म २१ मार्च १९२५ रोजी झुरिक शहरात झाला. घरची बेकरी होती. वडील तो लहान असतानाच वारले, आणि दुकानाचा भार आईवर व मोठ्या भावावर आला. धाकट्या ह्यूगोच्या वाट्याला घरोघरी पाव पोहोचवण्याचे काम आले, तेही सायकलवरून. पुढे ज्याच्या पेडल मारण्यावर सारा युरोप लुब्ध झाला, त्याचे पहिले शिक्षण असे पावांच्या टोपलीबरोबर झाले. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. भाड्याच्या सायकली गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवता पोहोचवताच मी सायकल शिकले. तेव्हा हा भाग वाचताना मला फार जवळचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

झुरिकच्या ओर्लिकॉन भागात सायकल शर्यतींसाठी १९१२ साली बांधलेली काँक्रीटची गोल धावपट्टी आहे. कोब्लेट तिथेच घडला. तिथे पाठलागाची शर्यत नावाचा एक प्रकार असतो. दोन स्पर्धक धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी निघतात आणि एकमेकांना गाठायचा प्रयत्न करतात. आडोसा नाही, सोबत नाही, डावपेचांनाही फारसा वाव नाही. एकट्याने एकच लय शेवटपर्यंत टिकवायची. या प्रकारात तो अनेकदा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेता झाला आणि १९४७ मध्ये जागतिक स्पर्धेत तिसरा आला. पुढे रस्त्यावरच्या शर्यतीत त्याने जो चमत्कार केला त्याचे बी इथे होते. एकट्याने वारा कापत जाण्याची त्याला सवयच लागली होती.

त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये सायकल शर्यत म्हटले की दोन नावे निघत, फर्डी क्युब्लर आणि ह्यूगो कोब्लेट. क्युब्लर १९१९ सालचा, म्हणजे सहा वर्षांनी मोठा. दोघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचा फरक. क्युब्लर शर्यतीत ओरडे, प्रतिस्पर्ध्यांना आव्हाने देई, त्याचा चेहरा कष्टाने वेडावाकडा होई; त्याला काय यातना होत आहेत हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळे. कोब्लेटचे सगळे उलट. त्याचा चेहरा घाटाच्या पायथ्याशी जसा असे तसाच माथ्यावरही दिसे. स्वित्झर्लंडच्या रस्त्यावरील राष्ट्रीय विजेत्याला वर्षभर पांढऱ्या क्रॉसचा लाल सदरा घालून शर्यतीत उतरण्याचा मान मिळतो. तो मान क्युब्लरने १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षे आणि पुन्हा १९५४ मध्ये मिळवला. कोब्लेटने एकदाच, १९५५ मध्ये. मात्र 'तूर द स्विस' ही देशाची मोठी शर्यत दोघांनीही तीन तीन वेळा जिंकली. देशात घरोघरी दोन पक्ष पडले होते म्हणतात. आपल्याकडे गायकांवरून पडतात तसेच!

कोब्लेटचे नाव प्रथम सगळीकडे दुमदुमले ते १९५० साली. इटलीची 'जिरो' ही शर्यत १९०९ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून ती एकाही परक्या माणसाला जिंकता आली नव्हती. पंचवीस वर्षांच्या कोब्लेटने ती जिंकली. इटलीचा लाडका जिनो बार्ताली त्याच्यामागे ५ मिनिटे १२ सेकंदांनी दुसरा आला. फाउस्टो कॉप्पी हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ सायकलपटू. तो वाटेत पडून जायबंदी झाला होता हे खरे. पण म्हणून विजय खोटा ठरत नाही. त्याच उन्हाळ्यात क्युब्लरने फ्रान्सची 'तूर द फ्रान्स' जिंकली. एवढासा देश, आणि एकाच वर्षी दोन्ही मुकुट त्याच्या डोक्यावर!

आता येते ते १९५१ साल. क्युब्लर त्या वर्षी 'तूर'मध्ये उतरला नाही; कोब्लेट प्रथमच उतरला. शर्यत ४ जुलैला मेत्झ येथून सुटली आणि २९ जुलैला पॅरिसला संपली. अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. त्यातल्या अकराव्या टप्प्याची गोष्ट आजही सांगितली जाते. तारीख १५ जुलै, ब्रीव्ह ते आजाँ, १७७ किलोमीटर. उन्हाळा कडक, रस्ता चढउतारांचा पण मोठे घाट नाहीत. पुढे पिरेनीज पर्वत असल्यामुळे सगळे मातब्बर त्या दिवशी दम राखून होते. आणि अजून सुमारे १३५ किलोमीटर बाकी असताना कोब्लेट पुढे निघाला. सुरुवातीला एक फ्रेंच स्पर्धक त्याच्याबरोबर होता. थोड्याच वेळात तोही मागे पडला.

ज्यांनी सायकल फक्त बाजारात जाण्यापुरती चालवली आहे त्यांच्यासाठी इथे थोडे थांबायला हवे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलपटूची खरी झुंज वाऱ्याशी असते. त्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून गेले तर त्यातली पाव ते तृतीयांश शक्ती वाचते. म्हणून घोळका आळीपाळीने पुढे येतो, आळीपाळीने विसावतो, आणि एकट्या पळालेल्या माणसाला बहुतेक वेळा गाठतोच. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एकटीने दहा किलोमीटर पुढे राहायचे म्हटले तरी शेवटी मांड्यांत पेटलेली चूल असते. आणि इथे प्रश्न १३५ किलोमीटरचा होता. मागे लागलेले लोक तरी कोण? कॉप्पी, बार्ताली, बोबे, जेमिनियानी, मान्यी, रोबिक! एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे सारे त्या दिवशी एकत्र आले आणि पाळ्या लावून पाठलाग करू लागले. तासन् तास पाठलाग झाला. कोब्लेट सापडला नाही.

आजाँला शेवटच्या रेषेपाशी तो पोहोचला तेव्हा त्याने तोंडावर पाणी फिरवले, खिशातला कंगवा काढून केस नीट केले, रेषा ओलांडली आणि घड्याळ हातात धरून मागच्यांची वाट पाहू लागला. घोळका आला २ मिनिटे ३५ सेकंदांनी. त्या प्रसंगानंतर एका फ्रेंच गायकाने वर्तमानपत्रात त्याला 'पेदालर द शार्म' असे नाव दिले. ज्याचे पेडल मारणेच मोहिनी घालते असा माणूस, असा त्याचा अर्थ. ते नाव त्याला जन्माचे चिकटले.

त्यानंतरची शर्यत म्हणजे त्याचीच मिरवणूक होती. पिरेनीजमध्ये लुशाँच्या टप्प्यात त्याने कॉप्पीला मागे टाकले आणि आघाडीचा पिवळा सदरा अंगावर चढवला. कॉप्पीचा धाकटा भाऊ जूनच्या अखेरीस शर्यतीत पडून दगावला होता. त्या दुःखातच कॉप्पी आला होता. माँपेलिएच्या टप्प्यात तो उन्हाने व मनस्तापाने पार कोसळला आणि अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. तो टप्पाही कोब्लेटने जिंकला. शेवटी जिनिव्हाला, म्हणजे स्वतःच्या देशाच्या भूमीवर, ९७ किलोमीटरची एकट्याने घड्याळाशी द्यायची शर्यत होती, तीही त्याचीच. एकूण पाच टप्पे जिंकून, दुसऱ्या आलेल्या जेमिनियानीला २२ मिनिटे मागे ठेवून, तो पॅरिसला पोहोचला. वय वर्षे सव्वीस.

बहुतेक लेखक कोब्लेटची गोष्ट इथे कळसाला नेतात आणि मग थेट शेवटाकडे धाव घेतात. उल्का आली, चमकली, विझली. मला हे पटत नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला विचार करण्याजोगा भाग यापुढेच सुरू होतो.

१९५१ च्या अखेरीस तो पाहुणा म्हणून मेक्सिकोला गेला. तिथे तो आजारी पडला आणि परतल्यावर त्याची प्रकृती पूर्वीसारखी राहिली नाही. उंच घाटांत श्वास पुरेनासा झाला असे सांगतात. १९५२ च्या 'तूर द स्विस'मध्ये आजारी असताना त्याला उत्तेजक औषध देण्यात आले व त्याने हृदयाला कायमची इजा झाली, असेही बोलले जाते. अशा औषधांविरुद्ध त्या वेळी नियम नव्हते. फ्रान्ससारख्या सायकलवेड्या देशातही तसा कायदा १९६५ साली झाला. कारण काहीही असो, शरीराने सूचना दिली होती. पण ती कोणाला दिसणार कशी? चेहरा तोच, हसू तेच, कंगवा तोच.

तो संपला होता असेही नव्हे. १९५३ ची 'जिरो' पाहा. शेवटून दुसऱ्या दिवसापर्यंत आघाडी कोब्लेटकडे होती. कॉप्पी १ मिनिट ५९ सेकंद मागे होता. १ जूनला बोल्झानो ते बोर्मिओ हा टप्पा होता आणि वाटेत स्टेल्व्हिओची खिंड 'जिरो'त प्रथमच घेतली होती. या खिंडीची उंची २,७५७ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याहून हजारभर मीटर वर सायकल चढवायची, तीही दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असताना. त्या चढावर कॉप्पी निघून गेला. कोब्लेटने उतारावर जीव धोक्यात घालून पाठलाग केला, वाटेत पडला, उठला, पुन्हा निघाला. शर्यत १ मिनिट २९ सेकंदांनी गेली. त्या दिवशी कॉप्पीने अजोड कामगिरी केली यात शंका नाही. पण बर्फात पडून उठलेल्या कोब्लेटचे चित्र मला आजाँच्या चित्राइतकेच मोलाचे वाटते. त्यात कंगवा नाही. माणूस आहे.

आणि मग १९५४. या वर्षाविषयी फारसे कोणी प्रेमाने लिहीत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. कोब्लेटच्या संघात कार्लो क्लेरिची नावाचा एक सहकारी होता. झुरिकमध्येच वाढलेला, वडील इटालियन, नुकताच स्विस नागरिक झालेला. मोठ्यांसाठी पाणी आणावे, वाऱ्यात पुढे राहावे, गरज पडली तर आपले चाक काढून द्यावे, अशी त्याच्यासारख्यांची कामे. 'जिरो'च्या सहाव्या टप्प्यात, नेपल्स ते लाक्विला, क्लेरिची पळाला. अशा माणसाचा पाठलाग करण्याची तसदी मोठ्यांनी घेतली नाही, आणि तो अर्ध्या तासाच्या आघाडीने पोहोचला. नोकर एका दुपारी मालक झाला!

आता कोब्लेटने काय करावे? संघाचा नायक तो. नाव त्याचे, कीर्ती त्याची. पर्वत अजून पुढे होते, आणि क्लेरिची थकण्याची वाट पाहून स्वतःसाठी खेळायला त्याला कोणी हरकत घेतली नसती. पण त्याने सहकाऱ्याच्या बाजूने उभे राहणे पसंत केले. त्याने स्वतः टप्पे जिंकले, पण क्लेरिचीची आघाडी राखण्यासाठी झटला. मिलानला क्लेरिची पहिला आला आणि कोब्लेट २४ मिनिटे १६ सेकंदांनी दुसरा. ती शर्यत बदनाम झाली हेही सांगितले पाहिजे. बेर्निनाच्या घाटात बऱ्याच स्पर्धकांनी मुद्दाम रेंगाळत संप केल्यासारखे वागून दाखवले आणि मिलानला लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या गोंगाटात एक गोष्ट झाकली गेली. ज्याने तीन वर्षांपूर्वी साऱ्या जगाला मागे टाकून घड्याळ पाहत वाट बघितली होती, तोच आता दुसऱ्याच्या विजयासाठी वारा अंगावर घेत होता. आजाँला कोब्लेट किती मोठा सायकलपटू आहे ते कळले. तो माणूस केवढा होता ते कळायला मला १९५४ साल वाचावे लागले.

पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, त्याने पांढऱ्या क्रॉसचा लाल सदरा मिळवला आणि 'तूर द स्विस' तिसऱ्यांदा जिंकली. ती त्याची अखेरची मोठी झेप. १९५८ मध्ये त्याने शर्यती सोडल्या.

नंतरची सहा वर्षे थोडक्यात सांगता येतात, पण वाचताना जड जातात. तो काही काळ व्हेनेझुएलात एका इटालियन तेल कंपनीच्या कामासाठी राहिला. परतल्यावर ओर्लिकॉनच्या धावपट्टीजवळ, जिथून सारे सुरू झाले तिथेच, त्याने पेट्रोल पंप चालवला. हात सढळ होता आणि पैसा टिकला नाही. १९५४ मध्ये एका मॉडेलशी झालेला विवाहही पुढे मोडकळीस आला. लोक मात्र पंपावर येऊन त्याच हसऱ्या, नीटनेटक्या माणसाला पाहून खूष होऊन जात. २ नोव्हेंबर १९६४ रोजी झुरिकजवळ मोन्शाल्टोर्फ येथे त्याची मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. चार दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, उस्टरच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय एकोणचाळीस. तो अपघात होता की तो जगण्यालाच कंटाळला होता, याविषयी तेव्हापासून तर्क चालू आहेत. २०१० साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. मला त्या तर्कात शिरायचे नाही. जे निश्चित ठाऊक आहे तेच मला पुरेसे अस्वस्थ करते. अडचणी होत्या, दुखणे होते, एकटेपण होते. आणि चेहऱ्यावर त्यातले काही दिसत नव्हते.

याउलट क्युब्लर. १९५५ च्या 'तूर'मध्ये माँ व्हाँतूच्या भयंकर चढावर तो सर्वांदेखत कोसळला, आरडाओरडा केला, आणि शर्यत सोडून निघून गेला. तो सत्त्याण्णव वर्षे जगून २०१६ मध्ये वारला. यावरून ओरडणारे दीर्घायुषी होतात असा निष्कर्ष काढला तर तर्कशास्त्राचे सर मला वर्गाबाहेर उभे करतील. मी तसा निष्कर्ष काढत नाही. पण अण्णांचे एक म्हणणे मला आठवते. कुरकुरणारी सायकल गिऱ्हाईक आपण होऊन दुकानात आणते. जी कधीच कुरकुरत नाही, तिचा एक्सल एखाद्या दिवशी भर रस्त्यात तुटतो. म्हणून दुकानात हवा भरायला आलेली गुळगुळीत सायकलसुद्धा अण्णा एकदा उचलून चाक फिरवून पाहतात.

आता माझा स्वार्थ. पडल्यानंतर गुडघा बरा झाल्याचे मी सर्वांना सांगितले होते. स्नेहसंमेलनात नाचलेसुद्धा. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तीनदा विचारले, तिन्ही वेळा मी हसून विषय बदलला. खरी गोष्ट अशी होती की जिना उतरताना मला कठड्याचा आधार लागत होता, आणि रात्री झोप लागत नव्हती. शर्यत गेली तर माझ्याजवळ उरते काय, हा विचार मी कोणापाशी बोलले नव्हते. कोब्लेटचा शेवट वाचला त्या रात्री मी मैत्रिणीला उठवले आणि सगळे सांगितले. ती झोपेत होती, तरी शेवटपर्यंत ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी क्रीडाविभागाच्या मॅडमना भेटलो आणि संघातून माझे नाव काढायला सांगितले. मला वाटले होते आभाळ कोसळेल. मॅडमनी फक्त मला खुर्ची दिली आणि घड्याळ सांभाळशील का, असे विचारले.

या हिवाळ्यात प्रथम वर्षाची एक मुलगी घाटात सराव करते आणि मी माथ्यावर घड्याळ घेऊन उभी असते. गेल्या महिन्यात तिने माझ्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी घेतले. मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल. ती सायकलवरून उतरली तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा लाल, आणि तोंडाने अखंड तक्रार: पाय गेले, छाती फुटली, सीट टोचते. मी तिला पाणी दिले, सीट थोडी खाली घेतली, आणि चाक उचलून एकदा फिरवून पाहिले.